काकाजींची झील

आमचे घरमालक वाक्य बोलून थांबायचे. मान जराशी पुढे, डोळे अर्धे मिटलेले आणि कान समोरच्या माणसाकडे. "पोरी, नळ आला," असं ते अंगणातून म्हणाले की आपण माडीवरून "आला" म्हणायचं. "आज वांग्याची भाजी आहे," म्हणाले की "भाजी आहे." आपण गप्प राहिलो तर ते चिडत नसत. तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून, जरा वरच्या पट्टीत म्हणत. मी इंजिनिअरिंग करायला भंडाऱ्याला आले आणि त्यांची माडीवरची खोली किरायाने घेतली, तेव्हा मला वाटलं, यांना कमी ऐकू येतं. म्हणून मी ओरडून बोलू लागले. शेवटी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "त्यायले सगळं ऐकू येते बाई. त्यायले झील पाहिजे."

भजनात पुढचा गायक ओळ टाकतो आणि मागचे ती उचलून परत म्हणतात, किंवा तिच्या जोडीची ओळ म्हणतात, तिला झील म्हणतात. मागच्यांना झीलकरी. काकाजी, सगळी आळी त्यांना काकाजीच म्हणायची, जन्मभर पुढचे गायक. नोकरी राइस मिलमध्ये केली, पण तुम्ही काय करायचे असं कोणी विचारलं तर उत्तर एकच, "मी पुढचा." आणि पुढच्याला मागचं कोणी लागतंच. काकू तर इतक्या वर्षांत नकळत झीलकरी झाल्या होत्या. भाजी चिरता चिरता, मान वर न करता, शेजारणीशी बोलता बोलता त्या मधेच "नळ आला" म्हणून मोकळ्या व्हायच्या आणि शेजारणीला त्याचं काही वाटत नसे.

मलाही ते लागलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सर म्हणाले, "म्हणजे इथे डेटा दोनदा साठवला जातोय," आणि मी शांतपणे म्हणाले, "साठवला जातोय." ते पुढचं बोलले, मी त्याचंही शेपूट धरलं. सरांना वाटलं, मुलीला विषय फारच पटलेला आहे. मार्क बरे पडले.

त्या घरातले दिवस आठवतात ते असे, थोडे झोपेत असल्यासारखे. सकाळी काकाजी खंजिरीला ऊन दाखवायचे. हवा ओली असली की खंजिरीचं चामडं सैल पडतं आणि ती बोलेनाशी होते. मग ओट्यावर, जिथे ऊन आधी येतं तिथे, तिला पालथी ठेवायची, मधूनमधून बोटाने टिचकी मारून विचारायचं. मी माडीवर लॅपटॉप उघडून बसलेली असे. खालून टिचकी ऐकू यायची, मग बराच वेळ काही नाही, मग अजून एक. तेवढ्यात माझ्या प्रोग्राममधली एखादी चूक आपोआप सापडायची. ती टिचकीमुळे सापडली असं मला तेव्हा वाटे आणि खरं सांगते, आताही वाटतं.

एकदा इंटरनेट फारच मंद चालत होतं. मी कॉलेजातून आले तर माझा राउटर ओट्यावर, खंजिरीच्या शेजारी, उन्हात पालथा. मी वायर कुठे म्हणून विचारलं तर म्हणाले, डबी सर्द झाली होती, हात लावून पाहिला. मी रागानेच तो वर नेला, वायर जोडली, आणि तो सुरळीत चालू लागला. वायर काढून परत लावली की राउटर पुष्कळदा सुधारतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पण त्यानंतर पावसाळाभर दर दोन-चार दिवसांनी ते जिन्याखालून विचारायचे, डबीले ऊन दाखवू का?

माझं तेव्हाचं सगळं लक्ष एका वेबसाइटमध्ये गुंतलेलं होतं. कॉलेजात आमच्या वर्गातल्या मुलांचा एक बँड होता. मला ना गाता येत होतं ना वाजवता, म्हणून मी त्यांचं गाणं चालू असतानाच लोकांना आपापल्या जागी ऐकू जाईल अशी साइट बनवली होती. आवाजाचे छोटे छोटे तुकडे करायचे, एक भरला की वर ठेवायचा, ऐकणाऱ्याने तो उचलायचा, तोवर दुसरा भरायचा. सोपं होतं. अडचण जागेची होती. आम्ही घेतलेलं होस्टिंग सगळ्यात स्वस्तातलं. चार-पाच मित्रांनी ऐकलं तर ठीक, वर्गाने ऐकायला घेतलं की साइट बसायची आणि पडद्यावर पांढरं पान यायचं. ते पान मी इतक्यांदा पाहिलं की स्वप्नात यायचं. स्वप्नात ते वाऱ्यावर हलायचं, दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखं.

काकाजींनी विचारलं, हे होस्टिंग म्हणजे काय. मी सांगितलं, माझी साइट एका कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये किरायाने राहते. अशा पुष्कळ साइट्स एकाच ठिकाणी राहतात, नळ एकच, त्यामुळे कोणाकडे फार पाहुणे आले की मालक त्याचं दार बंद करतो. झालं. घरमालक म्हणून त्यांचा अभिमान दुखावला. पाहुणे आले म्हणून किरायदाराचं दार बंद करणारा मालक त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी मला तक्रार लिहायला बसवलं आणि स्वतः मजकूर सांगितला. आमची पोरगी तुमच्याकडे राहते, स्वभावाने गरीब आहे, तिच्याकडे चार लोक गाणं ऐकायला आले तर तुमचं काय गेलं, आमच्याही घरी किरायदार आहे, आम्ही कधी असं वागलो नाही. मी ते इंग्रजीत, जमेल तसं, पाठवलं. तिकडून आपोआप येणारं उत्तर आलं, आम्ही आपले आभारी आहोत. ते वाचून दाखवल्यावर काकाजी निवळले. माणूस वाईट नाही, म्हणाले, बायको खट असंल.

त्यानंतर ते रोज चौकशी करायचे, तुहा घरमालक काय म्हणते? मी म्हणायचे, "काय म्हणते."

इतकी चौकशी कशासाठी चालली होती ते मला दिवाळीच्या आधी कळलं. काकाजींचं गाव दिघोरी, जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. तिथे दरवर्षी धान कापून झाल्यावर देवळासमोर सप्ताह बसतो आणि शेवटच्या दिवशी दुपारी गोपाळकाला होतो. काल्याच्या आधीचं भजन काकाजींचं, आणि त्यांच्या मागे झील एकाच माणसाची. तो त्यांचा लहानपणचा सोबती. तरुणपणी खाणीत लागला आणि जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला, चिखल्याला गेला. तिथे कॉलनीत राहिला, तिथेच म्हातारा झाला. पण काल्याला कुठूनही दिघोरी गाठायचा. वर्षभर दोघं एकमेकांना फोनसुद्धा करत नसत. काल्याच्या दिवशी मांडवात एकमेकांशेजारी बसत, काकाजी ओळ टाकत आणि तो ती उचलत असे.

मग तो न्हाणीत पडला आणि कंबरेचं हाड मोडलं. तेव्हापासून खाटेवर. त्या वर्षी काकाजी दिघोरीला गेले, खंजिरी मांडीवर घेऊन मांडवात बसले आणि न गाता परत आले. पुढच्या वर्षीही तेच. गावाने झील द्यायला दुसरी मंडळी दिली होती, चांगल्या गळ्याची. काकाजींनी हात जोडले. काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "पोरी, दोघायचंही वय झालं," एवढंच म्हणून त्या तांदूळ निवडायला लागल्या.

त्यांनी फोनवर करून पाहिलं होतं. पण फोन माणसाचा आवाज तेवढा ठेवतो आणि बाकीचं गोंगाट समजून पुसून टाकतो. चिखल्याला काकाजींचा गळा पोचायचा, खंजिरी पोचायचीच नाही. खंजिरीशिवाय भजन काकाजींना मान्य नव्हतं. मी सुचवलं की नेटवर एवढे मोठमोठे फुकटचे मार्ग आहेत, त्यावरून पाठवू. तर एकदा कुठल्यातरी भजनात मधेच बनियनची जाहिरात आलेली त्यांनी पाहिली होती. शिवाय तिथे गाणं साठून राहतं, याचा त्यांना फार तिटकारा होता. गायलं की संपलं पाहिजे. माझ्या साइटवर काहीच राहत नव्हतं, जागाच नव्हती. माझी गरिबी त्यांना पसंत पडली.

तर ठरलं असं. काकाजींचं भजन खंजिरीसकट साइटवरून चिखल्याला जाईल. तिथे झीलकऱ्याचा मुलगा बापाच्या उशाशी स्पीकर लावेल. बापाची झील साध्या फोनवरून आमच्याकडे येईल. आमच्या बाजूने फोनचा माइक बंद ठेवायचा, नाहीतर त्यांना एकच भजन दोनदा, मागेपुढे ऐकू आलं असतं.

पहिली तालीम भंडाऱ्याला, ओट्यावर. काकाजींनी ओळ टाकली, "गाई आल्या पाण्यावरी." त्यांच्या गावचंच भजन, कोणी बांधलं ठाऊक नाही. याची झील "पाळीवर उभा हरी," पाळ म्हणजे तळ्याचा बांध. ओळ टाकून ते थांबले. झील आली नाही. तुकडा भरणार, वर जाणार, तिकडे उचलला जाणार, या सगळ्याला वेळ लागतो, हे मी आधी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं. ते माझ्याकडे पाहू लागले. त्यांनी दुसरी ओळ टाकली आणि नेमकी तिच्यावर पहिलीची झील येऊन आदळली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तोड काढली. ओळ टाकल्यावर गप्प राहायचं नाही, खंजिरी फिरवत ठेवायची. झील येईपर्यंत. कधी थोडी, कधी जास्त. ती खंजिरी कुठे जायची नाही, तिथल्या तिथे गोल फिरायची, आणि मग दुरून, फोनमधून, खरखरीत म्हातारा आवाज यायचा, "पाळीवर उभा हरी." मला त्या वाट पाहण्याचीच गोडी लागली. संध्याकाळी ओट्यावर बसून ऐकताना वाटायचं की काकाजींची ओळ खरोखरच चालत निघाली आहे, धान कापलेल्या बांध्यांतून, बोडीच्या म्हणजे तळ्याच्या पाळीवरून, जंगलातून, पार चिखल्यापर्यंत, आणि आपण ती परत यायची वाट पाहतोय. काकू दारात उभ्या राहायच्या, हातातलं काम तसंच. मी आयुष्यात इतकं सुंदर काही बनवलेलं नव्हतं आणि ते सुंदर झालं होतं ते माझ्या साइटच्या उशिरामुळे.

मी त्यांना एकच गोष्ट बजावली होती. ही साइट एका माणसासाठी आहे, इतरांना सांगू नका.

काल्याच्या दोन दिवस आधी ते दिघोरीला गेले आणि त्यांनी घरोघर जाऊन आवतन दिलं. आमच्याकडे पंगतीला उंबऱ्याशी जाऊन बोलावतात, तसं. काल्याले या, आणि जे गावात नाहीत त्यायले म्हणा, तिकडूनच या, असा असा पत्ता आहे. मला हे काकूंबरोबर मांडवात पोचल्यावर कळलं. मी कपाळाला हात लावला तर ते माझ्याकडेच आश्चर्याने पाहू लागले. "गाणं ठेवलं अन् आवतन नाई? असं कुठं असते पोरी?"

दुपारचं ऊन मऊ होतं. देवळामागे धानाचे पुंजने रचून ठेवलेले, मोठमोठे, त्यांचा वाळका वास मांडवभर. मांडवाच्या बांबूंना आंब्याच्या डहाळ्या. काकाजींनी पांढरी टोपी घातली होती आणि खंजिरी कानाशी धरून ते तिला काहीतरी विचारत होते. मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसले. फोनची वायर भोंगेवाल्याच्या मशीनला जोडली. चिखल्याहून मुलगा म्हणाला, बाबा उठून बसले आहेत, भिंतीला टेकवलंय.

पहिली ओळ गेली. खंजिरी फिरली. मांडवातले लोक कुजबुजले, काय झालं, थांबले काहून. आणि भोंग्यातून, सगळ्या दिघोरीवर, झील आली. एक म्हातारी बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "आला व, तो आला." दुसरी ओळ, झील. तिसरी ओळ, झील. चौथी ओळ टाकली आणि माझ्या पडद्यावर पांढरं पान आलं.

काकाजींना कळलं नाही. ते खंजिरी फिरवत राहिले. आज उशीर जास्त आहे, असं समजून डोळे मिटून, मान पुढे काढून फिरवत राहिले. लोकही आता शहाणे झाले होते, तेही वाट पाहत बसले. एवढ्या माणसांत फक्त मला ठाऊक होतं की ओळ मांडवाच्या बाहेर गेलेलीच नाही. मी पान पुन्हा पुन्हा उघडत राहिले, मग त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं की साइट बसली, फार लोक आले.

"कोण आले?"

"तुम्ही आवतन दिलेले."

त्यांनी खंजिरी थांबवली. मग माइक हातात घेऊन मांडवाला म्हणाले, "बाबाहो, आपले जे लोक बाहेरगावून आत आले असतीन, त्यायले घडीभर बाहेर काढा. एका माणसाले आत येऊ द्या."

आणि सगळा मांडव फोन करायला लागला. नागपूरला, पुण्याला, हैदराबादला. अरे बंद कर. कट कर म्हणून राहिलो ना. नाई, भांडण नाई झालं, तू आधी बाहेर निघ. जावयाला बाहेर निघ कसं म्हणायचं म्हणून एक बाई अडून बसली होती, तिचा फोन शेजारणीने घेतला. एवढ्या फोनांनी भोंगा शिट्टी मारू लागला, तेव्हा भोंगेवाल्याने माझ्या फोनची वायर उपटली आणि मशीनच बंद केलं.

हळूहळू एकेक फोन संपला. लोक माझ्याकडे पाहू लागले. मी पान उघडलं. पांढरं. पुन्हा उघडलं. मालकाने दार लावून घेतलं होतं. मी मान हलवली. काकाजी खाली बसले, खंजिरी मांडीवर पालथी ठेवली आणि टोपी काढली. इतकं शांत झालं की पुंजन्यावर बसलेल्या चिमण्या ऐकू येत होत्या.

त्या शांततेत सतरंजीवरून आवाज आला. बारीक, डबीत कोंडल्यासारखा. माझा फोन तिथे पडला होता, तो कोणी बंद केलेलाच नव्हता.

"गाई आल्या पाण्यावरी."

झीलकरी ओळ टाकत होता. जन्मभरात ज्याने कधी पुढची ओळ म्हटली नव्हती तो ती म्हणत होता, मग थांबत होता, झीलपुरता, आणि मग पुढची ओळ. त्याला आमचं काही ऐकू येत नव्हतं. इकडे आम्ही जावयांना बाहेर काढत होतो तेव्हापासून तो तिकडे एकटा भिंतीला टेकून भजन चालवत होता.

मी फोन उचलून काकाजींच्या समोर धरला आणि आमच्या बाजूचा माइक सुरू केला. काकाजींनी सवयीने खंजिरी उचलली. मी मानेनेच नाही म्हटलं. ती फोनवरून जाणार नव्हती. त्यांनी खंजिरीकडे पाहिलं आणि ती काकूंच्या हातात दिली.

"अबे," ते फोनला म्हणाले.

तिकडे ओळ थांबली. "तुहा आवाज गेला," तो म्हातारा म्हणाला. "तू थांबला असशील म्हणून मी धरून ठेवलं. घे आता."

"नाई," काकाजी म्हणाले. "तूच टाक."

त्याने ओळ टाकली. काकाजींनी झील दिली, पण ती ओळ संपायच्या आतच, त्याच्या शेवटच्या अक्षरावर पाय देऊन. पुढे गाणारा माणूस, त्यांना मागे थांबायची सवयच नव्हती. दोन्ही आवाज एकमेकांत अडकले आणि बंद पडले. मांडवात कोणीतरी हसलं.

"घाई काहून करून राहिला?" फोनमधून आवाज आला. "मले पुरं म्हणू दे. झील मागून येते."

काकाजींनी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना सुचत नव्हतं. मी फोन दोन्ही हातांनी धरून उभी होते, माझंही तेच झालं होतं. तिकडून ओळ आली, सावकाश, "गाई आल्या पाण्यावरी." ती संपली. काकाजींनी तिला पूर्ण संपू दिलं, एक श्वास घेतला, आणि झील दिली.